दहा लाख एक

खेतवाडीतल्या पागडीच्या खोलीचा शेवटचा हप्ता
छेडाशेठनी चेकनं दिला. आकडा होता
१०,००,००१.
"वरचा एक शुभ असतो," म्हणाले,
आणि पेढ्यांचा बॉक्स पुढे सरकवला.

बाबा असते तर पेढा राहिला असता बाजूला.
शरच्चंद्र विजयकर, काळबादेवी शाखा,
सदतीस वर्षं दुसऱ्यांच्या नोटा मोजून
बोटांचे ठसे झिजलेले.
आधारच्या मशीननं त्यांना तीनदा नाकारलं होतं.

नुसत्या दहा लाखाबद्दल त्यांचं मत बरं नव्हतं.
"सहा दोन, सहा पाच, संपलं पोटातलं.
दोघांत जातो, आठांत जातो, चौसष्टांतही जातो,
एकोणपन्नास जणांना हो म्हणतो
आणि घरच्या तिघांना नाही.
त्यापेक्षा एक काढ.
सहा नव्वे. दिसायला अपुरी,
पण तीनला पुरते, सातला, अकराला, तेराला,
सदतीस जण अवचित आले तरी पान वाढते."

एक घातला तर काय, हे ते बोलले नव्हते.
मी त्या रात्री वाणसामानाच्या बिलामागे बसले.
तीनला भाग लावला, उरले दोन.
सातला दोन. अकराला, तेराला, तेच दोन.
सतराला दहा. एकोणीसला बारा.
शंभरच्या आतल्या पंचवीसही मूळ संख्यांची
दारं वाजवून झाली,
कुणी कडी काढली नाही.
सव्विसाव्या दाराशी, एकशे एकला,
बाकी शून्य.

एकशे एक!
सोनं कुठल्या कुठे गेलं तरी बाबांचा आहेर तेवढाच,
नाणं चिकटवलेल्या गुलाबी पाकिटातून.
आई ओशाळायची.
छेडाशेठच्या चेकात तशी
नऊ हजार नऊशे एक पाकिटं भरलेली.
वर्षाला दहा लग्नं धरली
तर नऊशे नव्वद वर्षं पुरतील, वर एक लग्न शिल्लक.
९९०१ फोडायला घेतली.
तीच पंचवीस दारं, पुन्हा पहिल्यापासून.
नाही फुटली.
पहाटे दूधवाल्यानं बेल मारली तेव्हा
माझी बोटं शिशानं काळी होती.

वाटणी रविवारी झाली.
जयवंतला तीन लाख तेहतीस हजार तीनशे तेहतीस,
मला तेवढेच, हेमलतालाही तेवढेच.
जयवंत म्हणाला, "बघा, वाद नाही की काही नाही."
पाकिटांचं मी सांगितलं नाही.
हेमलता पेढ्याचा कागद
लहान लहान घड्या घालत बसली होती.

जॉइंट खात्यात दोन रुपये उरले.
दर महिन्याला बँकेचा मेसेज येतो,
किमान शिल्लक ठेवा.
खातं बंद करायला तिघांनी एकत्र जाऊन सह्या करायच्या,
काळबादेवीला, बाबांच्याच शाखेत.
जयवंत म्हणतो, करून टाकू एकदा.
हेमलता म्हणते, हो.
मीही म्हणते, हो,
पुढच्या शनिवारी.