उलटा बाण

लिनोलियम कोरताना विसरले
की ठशात सगळं फिरतं.
अक्षरं आरशातली कोरली, सवयीनं,
फक्त बाण सरळ राहिला.
कागद उचलला तेव्हा रात्रीचे दोन.
धैवत म्हणाला, राहू दे, कोण बघतंय.

सकाळी विज्ञान शाखेच्या लांबट खोलीत
सुरतेची पोरं आधीच आलेली, एकसारखे टीशर्ट,
पुण्याची चार,
इंदूरच्या दोघी रात्रभर बसमध्ये
थर्मास मांडीवर धरून.
बाहेर कडुलिंबात उत्तरायणातले पतंग अजून अडकलेले.
आमच्या वाट्याला खिडकीलगतची भिंत,
तिच्यावर चिकटपट्टी धरेना.

मी यांच्यातली नाही. म्हणजे आहे बडोद्याचीच,
दांडिया बाजारातली, पण माझी शाखा पलीकडची,
तांब्याच्या पत्र्यावर आम्ल ओतणाऱ्यांची.
आमच्या मोरीतलं निळसर पाणी
पुढे कुठे जातं, एवढंच मी तस्नीमला विचारलं होतं,
कॅन्टीनमध्ये, उगीच.
पुढे विश्वामित्री आहे. पुढे मगरी आहेत.
तिनं वहीत लिहून घेतलं.
अशी मी या टोळीत.

सात महिने यांनी एका जीवाणूला शिकवलं:
तांबं लागलं तर हिरवा हो.
झाला.
तांब्यात झाला,
नळाच्या पाण्यात झाला,
शुद्ध पाण्यात, जिथे काहीच नव्हतं,
तिथेही झाला, खुशालचेंडू.

सबनीस मॅडम चष्मा कपाळावर चढवून
एकेका भिंतीशी थांबत आल्या.
"कंट्रोल दाखवा."
धैवतनं पोस्टरचा चांगला कोपरा दाखवला.
"कंट्रोल."
तेव्हा तस्नीमनं पिशवीतून ती काचेची बशी काढली
जी आणायची नाही असं काल ठरलं होतं.
निळ्या दिव्याखाली चमकली,
निर्लज्ज.
सुरतेचा एक जण खोकल्यासारखा हसला.
इंदूरच्या दोघींतली बुटकी पुढे झाली:
"आमचा पण हेच करून राहिलाय हो, मार्चपासून."

मॅडम बोलल्या नाहीत. त्यांचं बोट
वर्तुळावरून फिरत माझ्या बाणाशी आलं.
"हा उलटा का?"

मी सांगितलं. ठसा. रात्रीचे दोन.
कान तापले माझे.
त्यांनी खुर्ची ओढली, पेन मागितलं,
पोस्टरवरच, माझ्या शाईवर, रेघ मारली.
"शेजारचं जनुक वाचत येणारा थांबत नसेल,
वाचता वाचता तुमच्या उंबऱ्यात शिरत असेल.
तोंड फिरवून बसवा. त्याला पाठ दिसू दे."
मग माझ्याकडे बघून, "चालेलच असं नाही."
मग उठता उठता, "बहुतेक नाहीच चालणार."

दुपारी सेव-उसळीच्या गाडीवर
दुसऱ्यानं पैसे दिले असतील समजून सगळेच निघालो,
गाडीवाला चौकापर्यंत धावत आला.
त्या हसण्यात तो खोकणारा, मंथन त्याचं नाव,
तस्नीमच्या हातात बर्फात रोवलेली एक नळी देऊन म्हणाला,
आमचा हा जरा अबोल आहे. ठेवा.
खोलीत त्याला हे बोलायचं नव्हतं.

संध्याकाळी स्टुडिओत पत्रा धुतला.
पाणी बोटांवरून निळं होत निघालं
तशी मी पायानं बादली सरकवली, मोरीच्या तोंडाखाली.
एवढंच.
भरली की काय करायचं, ते ठरलेलं नाही.