घमेलं

रबाळ्याच्या एमआयडीसीत, तिसऱ्या मजल्यावर,
काचपट्टीवरचा जांभळा अल्कोहोलनं धुते मी.
तो उतरतो. मग सॅफ्रनिन. गुलाबी.
म्हणजे पडदे दोन,
म्हणजे बाहेरून आणखी एक कवच
ज्यावर औषधं नुसती दार ठोठावत बसतात.

गद्रे मॅडम फळ्यावर सात गोल काढतात.
कवचाचा माल आत तयार होतो, लायपोपॉलिसॅकराइड.
चरबीच्या सहा शेपट्या, वर साखरेचा लांब झुबका.
मधे पाणी. शेपट्यांना पाण्याचं वावडं.
म्हणून सात प्रथिनं एकमेकांना धरून उभी राहतात.
मॅडम म्हणतात, पूल.

मी विटाव्याची. मला पूल नाही दिसत.
मला बापूस दिसतो,
खाडीत डुबी मारून वाळूची बादली भरणारा,
आणि होडीपासून काठापर्यंत
काळूदादा, पदू, जनीआत्या, धाकटा हिराजी.
घमेलं छातीशी, कमरेत वळायचं, पुढच्याच्या हातात.
मागे फिरवायची सोयच नाही,
मागून दुसरं आलेलं असायचं.

हेच. फरक एवढाच, आमचा माल ओला.
इंधन फक्त तळाशी जळतं, आतल्या पडद्यापाशी.
मधल्यांकडे स्वतःचा जोर नाही,
मागचं रेटतं म्हणून पुढचं सरकतं.
शेवटी एक पिंप, त्यात बूच होऊन बसलेला एक जण.
पिंप तोंडानं उघडत नाही,
कुशीला फट पडते
आणि माल थेट भिंतीत.

ते पिंप भिंतीत कुणी बसवलं, मी विचारलं.
दुसऱ्या पिंपानं.
आणि त्याला?
मॅडम म्हणाल्या, जा, प्लेटी बघ.

आमचं काम साखळी तोडणं.
चौथ्या आणि पाचव्या हातामधे अडकेल असा रेणू,
नमुना एकशे बारा.
मंगळवारी प्लेटीवर स्वच्छ वर्तुळ उमटलं, अकरा मिलिमीटर.
मॅडमनी मोजपट्टी दोनदा लावली.
मोठ्या यंत्राखाली पाहिलं तर
माल आतच साचलेला, पडद्याच्या घड्यांवर घड्या.
मला आनंद व्हायला हवा होता.
झालाही.

वाळूउपसा बंद झाला त्या वर्षापासून
बापूस काठावर बसतो.
पाण्याचा तांब्या मागा, काडेपेटी मागा,
छातीशी धरून, कमरेत वळून देतो.

काल त्याला वर्तुळाचा फोटो दाखवला.
मोबाइल त्यानं छातीशी धरला,
वळला,
बाजूला कुणी नव्हतं.