फिरऔन

हरिपुरात पेवाचं तोंड उघडलं
की आधी कंदील सोडायचे आत, दोरीला बांधून.
विझला, तर माणूस उतरत नसे.
मुकादम म्हणे, तेल संपलं असेल. उतर.

काठावर विडी विझवत रसूल नदाफ
खालच्या आवाजात म्हणायचा, फिरऔन आहे.
मी मापाड्याची मुलगी, आठ वर्षांची,
मला ऐकू आलं : फिरवून.
लगेच पटलंसुद्धा.
पगार तो फिरवून फिरवूनच द्यायचा,
शनिवारचा सोमवार, सोमवारची अमावास्या.
पाटीवर मी लिहिलं, मुकादम फिरवून आहे.
वडिलांनी थुंकी लावून पुसलं,
आणि पुसता पुसता हसले.

शांतवन आवळे म्हणाला, आमच्यात फारो म्हणतात.
मिरजेच्या देवळात वर्षातून एकदा येतो,
बुडून जातो.
तोच की तो, रसूल म्हणाला,
आणि दोघांनी पोतं उचललं,
एका टोकाला फारो, एका टोकाला फिरऔन,
मधे हळद.

पुढे मी कोशाच्या कचेरीत लागले.
कार्डावर हा शब्द आला तेव्हा कळलं,
अरबांनीही तो दुसऱ्याकडूनच आणलेला.
मग फारसीत गेला, तुर्कांकडे गेला,
मलायाच्या बंदरांत उतरला,
जाईल तिथं माज सोबत घेऊन.
अरबीत त्याचं क्रियापदही आहे.
मराठीत करायचं तर फिरऔनणे.
(मुख्य संपादकांनी खोडलं.)
आणि पार तळाशी, नाईलच्या गाळात,
तो राजा नव्हताच.
नुसतं 'मोठं घर'.

आपलंही तेच.
बंगल्यावर विचारा. वाड्यावरून निरोप आहे.
बोलतात भिंती,
माणूस आत जेवत असतो.
बडा घर पोकळ वासा, आई म्हणायची,
तिला मिसर कुठं आहे ते माहीत नव्हतं.

गोष्टीतलं पाणी शहाणं असतं,
गुलामांना वाट देतं, राजाला गिळतं.
कृष्णेनं ती गोष्ट ऐकली नव्हती.
आधी नदाफांची गल्ली गेली,
मग आवळ्यांची चूल,
पेवांत हळद फुगून वर आली, आंबूस,
आणि व्यापाऱ्याच्या बंगल्याच्या तिसऱ्या पायरीवर
पाणी थांबलं. चपला काढाव्यात तसं.

मुकादम गोदामाच्या पत्र्यावर सापडला,
बारदान पांघरून.
नाव आदगोंडा, हे मला पंचनाम्यात कळलं.
घर : एक खोली, भाड्याची.
इतकी वर्षं एवढा मोठा शब्द
त्या खोलीत कसा मावला असेल?

रसूलनं गुळाची काहील आणली होती,
वल्ह्याच्या जागी फळकुट.
मुकादम पाय टाकेना.
बुडंल, म्हणाला.

बसा मालक, रसूल म्हणाला,
जरा फिरवून घेतो.