झाकली मूठ

सोहारच्या विद्यापीठात, तळमजल्यावर,
जिथे एसीचं पाणी बादलीत ठिबकतं, तिथे मी बसतो.
मुकादम, पगार विभाग. सतरा वर्षं.
रियालला तीन दशांश स्थळं असतात,
बैशाची चूक मी होऊ दिली नाही.
एवढंच कर्तृत्व.

रुजू झालो तेव्हा सही घेतली होती:
पाहिलेलं बोलायचं नाही.
फोनवर आईला सांगितलं, तर म्हणाली,
बरंय की, झाकली मूठ सव्वा लाखाची.
सव्वा लाख कुणाचे, ते ती बोलली नाही,
मीही विचारलं नाही.

तक्त्यात रकाने आहेत.
नाव, पदवी, अनुभव, पासपोर्ट.
पहिले तीन माणसाने झिजून भरलेले,
आकडा मात्र चौथ्याचं तोंड बघून येतो.

नोव्हेंबरात विविधता दिन.
दर्शनी दालनात एकतीस झेंडे,
सगळे एका मापाचे, एकाच शिंप्याकडचे.
बिल मीच पास केलं,
झेंड्यामागे दोन रियाल सातशे बैसा.
तेवढा एकच दिवस
सगळे देश सारख्या भावाने मिळतात.

ओगलेबाई संख्याशास्त्र शिकवतात.
तीन वर्षं कॅनडात राहून आल्या,
त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर,
मध्यकावरचं तेच व्याख्यान, मध्येच तोच खोकला.
मी चौथा रकाना बदलला.
अकराशे चाळीसचे दोन हजार पासष्ट झाले, आपोआप.
सूत्र मीच लिहिलेलं होतं.

बाई पहिल्यांदाच जिना उतरून खाली आल्या.
आभार मानायला, असं मला वाटलं.
म्हणाल्या, मुकादम,
गेल्या वेळी मी कोण होते?

सोमवारी स्टाफरूमच्या फळ्यावर
त्यांनी आपले दोन्ही आकडे लिहिले,
जुना, नवा,
आणि पेन उघडंच ठेवून तासाला गेल्या.

जेवणापर्यंत कुणी हात लावला नाही.
मग त्सेहायने लिहिला. अदिस अबाबाची, शेजारच्याच खोलीतली.
मग कुणी डाव्या हाताने, अक्षर कळू नये म्हणून.
मला अक्षर कशाला लागतं?
आकड्यावरून माणूस ओळखतो मी.
दोन आकडे एकाच देशाचे, एकाच वर्षी लागलेले,
त्यातला धाकटा बाईचा.
विटकम सर बराच वेळ उभे राहिले,
सगळ्यात मोठा आकडा सगळ्यात बारीक लिहून
चहा तसाच टाकून गेले.

संध्याकाळी बदरिया मॅडमचा फोन:
कुणाला तरी पाठवून ते पुसून घ्या.

रोकेया आली, ओलं फडकं घेऊन.
बारिसालची. अक्षरं येत नाहीत, अंक येतात.
वरपासून खालपर्यंत वाचले तिने,
भाजीवाल्याची पाटी वाचावी तसे.
यात माझा कुठला?

तुझा नाही, म्हटलं. तू ठेकेदाराची.
माझ्या तक्त्यात तू कुंड्या, जंतुनाशक, काचेचा पाना
यांच्याच ओळीत असतेस:
देखभाल, एकत्रित.

तिने पेन उचललं.
फळ्याच्या तळाशी, जिथे फडकं नेहमी शेवटी पोचतं,
लिहिलं: ७५.
पुढे दशांश चिन्ह नाही, शून्यं नाहीत.
लाजलीही नाही.

पुसू आता?

खिशात माझा हात होता.
मूठ वळलेली, घामेजलेली.
हिच्यात काय आहे, ते माझ्या बायकोलाही
मी अर्धंच सांगितलंय.

पुसू?

म्हटलं, फडकं फार ओलं आहे, ओघळ उठतील.
उद्या पूस.
उद्या,
सगळे चहाला येऊन गेल्यावर.