काळी, सळयांच्या ब्रेकची

क्लिफर्डने सायकल मागवली. नव्वद पौंड, घरपोच,
दोन समुद्र ओलांडून आलेली.
खोकं एवढं जड की आणणारा पोरगा
फाटकाशीच टाकून पळाला,
आणि आम्ही दोघं, मिळून एकशे एकेचाळीस वर्षांचे,
ते ओढत स्वयंपाकघरात आणलं,
आजारी वासरू आत आणावं तसं.

"नव्वद पौंडांत काय येतं?" मी म्हटलं,
"माझ्या बुटांनाच सत्तर पडले."
तो काही बोलला नाही. पट्ट्या कापत होता.

आत काळी कुळकुळीत, आमच्या बापांच्या वेळची धाटणी:
पाठ ताठ ठेवून बसायचं, जसं चर्चमध्ये,
अठ्ठावीस इंची चाकं, दांड्यावर सोनेरी रेघ,
ब्रेकला तारा नाहीत, सळया,
साखळीला पत्र्याचा घोळदार झगा.
हँडलभोवती गुंडाळलेलं कुठलंसं वर्तमानपत्र,
लिपी अशी की वरून दोरीला वाळत घातलेली.
त्यात फेटा बांधलेला एक माणूस
माझ्याकडे रागाने बघत होता.
तो कागद मी टाकला नाही. चमच्यांच्या खणात आहे.

नॉटिंगहॅमच्या कारखान्यात क्लिफर्ड एकोणीस वर्षं होता.
पितळ वितळवून नळ्या सांधायचा.
कारखाना गेला त्या दिवशी तो घरी आला,
हात धुतले, वाटाणे सोलले.
हत्यारं गेली बिस्किटांच्या डब्यात
आणि आम्ही आलो इकडे, फेनमध्ये,
जिथे जमीन एवढी सपाट की शेजारी रागावून निघाला
तर त्याचा राग उतरेपर्यंत दिसत राहतो.

आता तो एकेका सांध्यावरून अंगठा फिरवत होता.
"हा बरा आहे."
"हा चांगलाच आहे. याला हात आहे."
"हा कुणीतरी सुट्टी व्हायच्या वेळी उरकलाय."
मग थोड्या वेळाने, स्वतःशीच:
"मीही उरकलेत."

सगळी खोलली. बेअरिंगं कोरडी ठणठणीत,
वंगण सोडा, थुंकीसुद्धा नाही.
नट हाताने फिरत होते.
क्रँकची पिन लोण्यासारखी मऊ,
नवी आणली, कानशीने घासली, परत घासली.
अकरा दिवस टेबल त्याचं. आम्ही उभ्याने जेवलो.
पोलादी गोळ्या माझ्या अंड्याच्या कपात मोजून ठेवलेल्या,
त्यातली एक फ्रिजखाली गेली.
अजून तिथेच आहे. त्याने सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

रविवारी सायकल अंगणात उभी राहिली.
क्लिफर्डने पाय उचलला. गुडघ्याने नाही म्हटलं.
पुन्हा उचलला.
मग नुसताच धरून उभा राहिला,
दुसऱ्याचा घोडा धरून उभं राहावं तसा.

मी भांडी घासत होते. खिडकीतून दिसत होतं.
बाहेर गेले तर म्हणाला, "बस तू."
"मधे दांडा आहे, क्लिफर्ड. मी स्कर्टमध्ये आहे."
तो आत गेला आणि स्वतःची कारखान्यातली पँट घेऊन आला,
पायाला लावायच्या क्लिपांसकट.
सदतीस वर्षं कुठे ठेवली होती, देव जाणे.

कालव्याच्या कडेने गेले. वारा समोरून, जसा असतोच.
जड होती, पण एकदा चालली की चालली,
हट्टी माणसासारखी.
भुरभुर सुरू झाली तेव्हा कळलं
की ओल्या रिमवर हा ब्रेक फक्त ओरडतो,
थांबवत नाही.
टॅन्सलेबाईंच्या कोबीने थांबवलं.

परत आले तर तो फाटकाशीच, हातात पाना.
माझ्या ढोपरावरची माती त्याने बघितली,
आधी चाकाकडे वाकला.
"मागे टिकटिकतंय," म्हणाला.
मला काहीच ऐकू आलं नव्हतं.
मग रुमाल काढून ढोपर पुसलं,
वंगणाच्याच रुमालाने.

रात्री दिवा मालवल्यावर म्हणाला,
"बिनदांड्याचीही मिळते. पंच्याण्णवला."
मी म्हटलं, नको.
पँट आता माझ्या मापाची झालीय.