खांब क्रमांक

पहाटे सव्वातीनला फाईल उतरते.
कुलाब्याच्या टोकाला, नौदलाच्या भिंतीला लागून,
समुद्र आहे हे इथं वासावरून कळतं
आणि तारे मोजून चार.
त्यातला एक सांताक्रूझला उतरतो.

मला आकाश लागत नाही.
पंधरा लाख किलोमीटरवरच्या आरशानं वेचलेले आकडे
माझ्यापुढे येतात, रेशनच्या रांगेतल्यासारखे निमूट,
त्यांची मी एक वाकडी रेघ काढते.
एका जागी ती कड्यासारखी तुटते.
अलीकडे काही नाही, पलीकडे फिकट उजेड,
आणि आज त्या कड्याच्या अगदी काठावर
एक बारीक काटा.

नोंद वीस हजार चारशे सतरा.
गेल्या वर्षी ती नुसता लाल ठिपका होती,
तेव्हाच हा नंबर पडला.
दादा म्हणाले होते, खांबासारखा आहे.

दादा, म्हणजे वामन चेंबूरकर,
चौतीस वर्षं बेस्टच्या दिवाबत्तीत, माझगाव ते रे रोड.
माझ्या लग्नाची तारीख विसरतात,
पण डॉकयार्डच्या वळणावरचा एकशे बारा
कुठल्या साली बुडातून गंजला, ते सांगतील.
दहावीत असताना मी फुटक्या सीडीचा तुकडा धरून
त्यांच्या सोडियमच्या दिव्याकडे पाहिलं.
इंद्रधनुष्य नव्हतंच. एकच पिवळी रेघ.
मी किंचाळले.
शिडीवरून त्यांनी विचारलं, शॉक बसला का गं?

परवा जेवताना त्यांना सांगत होते:
हायड्रोजनचं धुकं होतं सगळीकडे, थंड, गच्च.
अतिनील उजेड निघायचा आणि उंबऱ्यातच गिळला जायचा.
मग दीर्घिका पेटल्या. एकेकीनं आपल्यापुरतं धुकं फाडलं,
ती भोकं वाढत वाढत एकमेकींना भिडली.
काटा दिसला तर समजायचं,
ही बाई आपल्या मोकळ्या अंगणात उभी आहे.
विश्वाचं वय तेव्हा सत्तर कोटी.
तिचा उजेड तेराशे दहा कोटी वर्षं वाटेवर.

दादांनी जवळ्याचा घास संपवला.
आधी कोणी बंद केले होते?
कोणीच नाही. तेव्हा दिवेच नव्हते.
मग खातंही नसेल, म्हणाले, समाधानानं.
आणि थोड्या वेळानं:
पण एवढं धुकं हटवलं कोणी,
चार हाय-मास्टांनी, का गल्लीतल्या बारक्यांनी?

माझा हात ताटातच राहिला.
सोमवारी याच्यावरच आम्ही दोन तास भांडलो होतो,
तन्वीर मोठ्यांच्या बाजूनं, मी लहानांच्या.
माझ्या लहान इतक्या मंद
की त्या आरशालाही बहुतेक दिसत नाहीत;
हिशेबात उजेड कमी पडतो
तेवढीच त्यांची साक्ष.

हाय-मास्टखाली फोटो बरे येतात, दादा म्हणाले.
पण म्हातारपाखाडीतली ती नर्स, फिलोमिना,
रात्री दोनला घरी यायची ती बारक्यांवरच.

हे मी कुठं लिहू? संदर्भसूचीत बसत नाही.

चार वाजता तन्वीरचा मेसेज:
नाचू नकोस. पिक्सेल बिघडला असेल.
दुसरी फाईल उघडते. काटा आहे,
पण गोंगाटात अर्धा बुडालेला,
मला हवा म्हणून दिसतोय का, तेही कळत नाही.
तिसरी फाईल गुरुवारी येईल.
टेबलावरचा दिवा उगाच मालवते,
उगाच पुन्हा लावते.

पावणेसातला दादांचा फोन.
समोरचा अठ्ठावीस अजून जळतोय,
लख्ख उजाडलं तरी. कोणाला कळवायचं?
मी तक्रारीचा नंबर सांगते.
तो त्यांना पाठ आहे.
तरी लिहून घेतात, एकेक आकडा,
मोठ्यानं म्हणत.