एफ-तीन

सुदामानगरात, ई-सेक्टरच्या टोकाला,
कुमुदिनी रेगळे काकूंच्या ओट्यावर
मला बघताच ओव्हन बीप करतो.
काचेवर लाल अक्षरं: एफ-३.
सोबतची पुस्तिका जर्मनमध्ये. मुलगाही तिकडेच.

"तीन महिने झाले, लोंढेभैया.
मनात येईल तेव्हा येतो, मनात येईल तेव्हा जातो.
मेकॅनिक आला की शहाण्यासारखा बसतो.
आज बरा सापडला."

एफ-तीन म्हणजे, मी सांगतो,
भट्टी तापते, पण किती तापली
हे तिचं तिलाच कळत नाही.
म्हणून घाबरून बंद पडते.
काकू मान हलवतात,
नात्यातल्या कुणाचं ऐकावं तशी.

मग खिळ्यावरचं कॅलेंडर उतरवून उलटं धरतात.
कोऱ्या बाजूला, पेन्सिलीने, बारीक अक्षरात:

९. एफ-३. नानकटाई. चाळिसाव्या मिनिटाला.
१७. एफ-३. पाव. ह्यांना पुन्हा ताप.
२. एफ-१. बटणाला कणीक होती. पुसली, गेला.
५. काही नाही. केक चांगला फुगला. खायला कोणी नव्हतं.
२१. एफ-३. आत काहीच नव्हतं. नुसता लावला होता.

मला त्यातलं "चाळिसाव्या मिनिटाला" पुरे होतं.
गार असताना जुळतं, तापलं की सुटतं,
म्हणजे सेन्सर नाही, मागचा जोड.
तरी नजर एकवीस तारखेवर
गरजेपेक्षा जास्त वेळ राहिली.

मेन बंद. ओव्हन पुढे ओढला.
मागे धूळ, बडीशेप, एक रुपयाचं जुनं नाणं,
आणि पत्र्याला टेकून तांबूस झालेली तार.
जोडाचं प्लास्टिक वितळून गुळासारखं.
कापलं. सियागंजातून आणलेला
चिनी मातीचा पांढरा जोड बसवला,
तार पत्र्यापासून दूर बांधली,
मीटरची टोकं लावली.

"किती आला?"
"एक हजार ब्याऐंशी."
"जास्त आहे?"
"नाही काकू. खोलीत जेवढी थंडी, तेवढाच. बरोबर आहे."

चाळीस मिनिटं थांबावं लागेल, मी म्हणालो,
तापवून बघितल्याशिवाय मी पैसे घेत नाही.
"थांबा की," काकू लगेच म्हणाल्या,
आणि पेन्सिल शोधू लागल्या. ती कानामागेच होती.

१४. १०८२. लोंढे आले. चहा, दोन कप.

पातेलं अजून
गॅसवर चढलंही नव्हतं.